सात दिवस बंद

अकरावी तक्रार आली तेव्हा ताई गॅलरीत चादर वाळत घालत होत्या. सकाळपासून फोन टुणटुण करत होता. हात पुसत त्या आत आल्या, चष्मा चढवला आणि कॉम्प्युटरसमोर बसल्या. अकराच्या अकरा तक्रारी एकाच पोस्टवर होत्या आणि सगळ्यांचं म्हणणं एकच होतं : हे काढून टाका.

पोस्ट चार ओळींची. ‘शिंपीण’ या नावाने कुणा बाईंनी लिहिलं होतं : “सहा वर्षं हे अंथरुणावर आहेत. काल भरवताना चमचा हातात तसाच राहिला आणि मनात आलं, आता सुटावं यांनी. आणि मीही. कुणाजवळ बोलले नाही, इथे बोलते आहे. जमलं तर चिडू नका.”

ताईंनी ती दोनदा वाचली. तिसऱ्यांदा वाचवेना.

घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस सांभाळणाऱ्यांचा हा फोरम. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कूस कशी बदलायची, गोळी गिळत नसेल तर काय करायचं, असल्या प्रश्नांवर हजारभर माणसं तिथे एकमेकांना धरून होती. ताई निवृत्त टेलिफोन ऑपरेटर. चौतीस वर्षं त्यांनी लोकांची बोलणी जोडून दिली आणि मध्ये कधी तोंड घातलं नाही. त्यामुळे असेल, सात वर्षांपूर्वी सगळ्यांनी मिळून फोरमची देखरेख त्यांच्या गळ्यात टाकली. तेव्हा त्यांच्याही घरात खाट होती.

यजमानांना जाऊन आता चौदा महिने झाले होते. फोरमवर हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पहिल्या आठवड्यात सांगायचं राहून गेलं, दुसऱ्यात जड गेलं आणि मग इतके दिवस उलटले की कोणत्या तोंडाने सांगायचं हेच कळेना. सांगितलं असतं तर माणसं हळहळली असती, दोन दिवस चौकशी केली असती आणि आपापल्या रोग्यांकडे वळली असती. मग दिवसभर बोलायला होतं कोण?

त्यांनी नर्सबाईला फोन लावला. फोरमची दुसरी मॉडरेटर ती. कामावरून सवड मिळेल तसं बघायची.

“वाचलीस?”

“वाचली. ताई, काढून टाका ना. लोक पेटलेत नुसते.”

“नियम कुठला मोडलाय तिने?”

“नियम नाही हो मोडला. पण वाचवत नाही.”

“वाचवत नाही म्हणून काढायचं, असं आपण कुठे लिहिलंय? कुणाला शिवी दिली नाही, काही करणार आहे असंही म्हणाली नाही. मनात आलं ते बोलली.”

“वॉर्डात रोज भेटतात मला अशा,” नर्सबाई म्हणाली. “ बोलत नाहीत, पण कळतं. राहू द्या.”

ताईंनी आधी शिंपिणीला खासगीत विचारलं, “तुम्ही बऱ्या आहात ना? घरात सोबतीला कुणी आहे?” लगेच उत्तर आलं : “नणंद येते दुपारची. बरी आहे मी. काढून टाकू का ते?” ताईंनी लिहिलं, “तुम्हाला वाटलं तर काढा. मी काढणार नाही.” मग पोस्टखाली ओळ टाकली : “ही पोस्ट राहील. पटत नसेल तर जरूर लिहा, पण बाईंचा अपमान चालणार नाही.”

लोकांनी लिहिलं. कुणी रागावून, कुणी समजावून. दोघांनी तर ‘आमचंही असंच’ एवढंच लिहिलं. ताईंना जरा हायसं वाटलं.

दुपारी मास्तर फोरमवर आले.

मास्तर म्हणजे गणिताचे निवृत्त शिक्षक. बायकोची वाचा गेलेली, तिचं सगळं तेच करायचे. फोरमवर ते ताईंच्या बरोबरीचे जुने. रोज न चुकता त्यांचा खासगी निरोप यायचा, “यजमान कसे आहेत आज?” आणि ताई लिहायच्या, “आहेत तसेच.” ताईंची खुशाली विचारणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

मास्तरांनी शिंपिणीला लिहिलं, “तुमच्यासारखीच्या हाती माणूस देण्यापेक्षा रस्त्यावर सोडलेला बरा.” ताईंनी ती कमेंट काढली, ताकीद दिली. पाच मिनिटांत दुसरी आली, आधीपेक्षा वाईट.

दुसऱ्यांदा झालं की सात दिवस बंद, असा नियम होता. मागच्या वर्षी एका ट्रकड्रायव्हरला त्यांनी असंच बंद केलं, तेव्हा त्याने विचारलं होतं, “हेच मास्तरांनी लिहिलं असतं तर?” ताई म्हणाल्या होत्या, त्यांनाही हेच.

त्यांनी बटण दाबलं. थोड्याच वेळात फोन वाजला.

“मला बंद केलंत?”

“सात दिवसांसाठी, मास्तर.”

“सात वर्षं ओळखता मला.”

“हो. हात उचलत नव्हता माझा.”

“मी काय खोटं बोललो? माणसाचा श्वास चालू आहे तोवर असं मनात येता कामा नये.”

“येतं, मास्तर.”

“तुमच्या आलं होतं? एवढ्या वर्षांत, एकदा तरी?”

ताईंनी फोन दुसऱ्या हातात घेतला. “आलं होतं. आणि हे गेले त्या दिवशी तेच आधी आठवलं.”

“गेले? कधी गेले?”

“चौदा महिने झाले.”

पलीकडे कुणीतरी खोकलं. मास्तरांची बायको असावी. मास्तर बोलले तेव्हा आवाज अगदी खाली आला होता.

“मी रोज विचारत होतो. तुम्ही रोज सांगत होतात, आहेत तसेच.”

“चुकलं माझं.”

“याला किती दिवस बंद करायचं असतं, ताई?”

“हिला पाणी द्यायचंय,” असं म्हणून मास्तरांनी फोन ठेवला.

सात दिवस गेले. आठव्या दिवशी सकाळी मास्तरांनी शिंपिणीच्या पोस्टखाली लिहिलं : “बाई, माफ करा. भरवताना त्यांची हनुवटी किंचित खाली असू द्या, ठसका कमी लागतो. तुमच्या मनात आलं ते माझ्याही येतं. म्हणूनच ओरडलो.” ताईंना मात्र निरोप नव्हता. त्या दिवशी नाही आणि दुसऱ्या दिवशीही नाही.

मास्तरांच्या कमेंटवर दोन तक्रारी आल्या. ताईंनी दोन्हींवर शेरा मारला : ‘राहील.’

मग त्यांनी फोरमचा शेवटचा विभाग उघडला, ज्यांचं माणूस गेलं त्यांचा. देखरेखीपुरत्याच त्या तिथे जात. स्वतः कधी लिहिलं नव्हतं. तिथे कुणाचीही पहिली पोस्ट मॉडरेटरने तपासल्याशिवाय इतरांना दिसत नसे. त्यांनी लिहायला घेतलं. यजमान कधी गेले ते लिहिलं, चौदा महिने आपण खोटं बोललो ते लिहिलं, मास्तरांशी तर रोज, तेही लिहिलं. शेवटी लिहिलं, फोरमवर मला ठेवायचं की नाही ते नर्सबाईने ठरवावं.

पाठवल्यावर पोस्ट तपासणीच्या यादीत येऊन बसली. तिच्यापुढे ‘मंजूर’ आणि ‘नामंजूर’ अशी दोन बटणं होती. ती दाबणं ताईंच्याही हातात होतं. नर्सबाईची ड्यूटी सुटायला अजून दोन तास होते.

ताईंनी माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवला आणि त्या वाट बघत बसल्या.