कपाट उतरवताना

"माथा वर धर. कपाटाचा माथा कधी खाली जाऊ द्यायचा नाही, कितीदा सांगायचं?"

"तुम्ही काय कपाट आहात?"

"सध्या तरी कपाटच. आणि रिकामं नाही, भरलेलं."

रविवारची भर दुपार. तिसऱ्या मजल्यावरून खाली येणाऱ्या जिन्यात उस्ताद एका जाड पांढऱ्या चादरीत पडले होते, पाय खालच्या बाजूला, डोकं वर. डोक्याकडची चादरीची दोन टोकं मनगटांना गुंडाळून त्यांची बायको वरच्या पायरीवर धापा टाकत बसली होती. तिला सगळी इमारत काकू म्हणायची. खालच्या एका दारातून कोणीतरी डोकावलं, नवरा-बायकोचं हे काय चाललंय ते पाहिलं आणि दार हळूच लावून घेतलं. बघणाऱ्याला वाटलं असतं, ह्या बाईला वेड लागलंय. काकूंनाही अधूनमधून तसंच वाटत होतं.

उस्ताद हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. सामान हलवणाऱ्या टोळीत त्यांचा जन्म गेला. जिना कितीही अरुंद असो, भिंतीला ओरखडा न उमटता कपाट उतरवावं तर ह्यांनीच, म्हणून ते नाव पडलं. कपाट तुमच्याशी बोलतं का हो, असं लोक विचारायचे. बोलत नाही, पण ऐकतं, असं हे सांगायचे. मग दोन वर्षांपूर्वी एका सकाळी त्यांची उजवी बाजू गेली. हात गेला, पाय गेला. जीभ तेवढी शाबूत राहिली आणि ती दुप्पट चालायला लागली, असं काकूंचं म्हणणं. काकू हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला होत्या. चादरी धुवायच्या, इस्त्री करायच्या, घड्या घालायच्या. एकाने जन्मभर जड सामान उतरवलं, दुसरीने जन्मभर चादरी हाताळल्या, आणि आता दोघांची विद्या एकाच जिन्यात कामाला लागली होती.

त्याला कारण झाला मंगळवार.

इमारत तीन मजली आणि जिना एकच. जिन्याखाली पूर्वी सायकली असायच्या, आता बॅटरीवरच्या गाड्या असतात. निम्मे भाडेकरू पार्सलं नाहीतर जेवणाचे डबे पोचवायला जातात, त्यांच्या त्या गाड्या. मीटरपासून एक वायर, तिला एक बोर्ड, त्या बोर्डातून दुसरा बोर्ड, आणि कुठली वायर कोणाची हे ज्याचं त्यालाही सांगता येणार नाही. मंगळवारी दुपारी त्यातली एक बॅटरी फुगली, फटफट वाजली आणि पेटली. जिन्याचं सरळ धुराडं झालं. जो तो जीव मुठीत धरून पळाला. कोणीतरी जळती गाडी बांबूने रेटत रस्त्यावर काढली, तिथे तिचा सांगाडा होईपर्यंत सगळे बघत उभे राहिले आणि मग सगळ्यांनी मिळून चहा घेतला. तिसऱ्या मजल्यावर एक माणूस आहे, हे म्हणे त्या चहाच्या वेळी कोणाला तरी आठवलं.

काकू संध्याकाळी कामावरून आल्या तेव्हा दार निम्मंच उघडलं. उस्ताद खाटेवर नव्हते. दारामागे जमिनीवर उघडेबंब पडले होते आणि त्यांचा शर्ट दाराखालच्या फटीत कोंबलेला होता.

"हे काय?"

"उकडत होतं. म्हणून खाली आलो."

"आणि शर्ट?"

"त्यालाही उकडत होतं."

ओल्या फडक्याने काकूंनी नवऱ्याचं तोंड पुसलं, तर नाकाखाली फडका काळा झाला. जन्मभर दुसऱ्यांचे डाग काढणाऱ्या ह्या बाईने तो फडका मात्र धुतला नाही. घडी करून पिशवीत ठेवला आणि दुसऱ्या दिवशी घरमालकापुढे नेऊन उलगडला.

मालकाचं चौकात चष्म्यांचं दुकान. त्याने स्वतःचा चष्मा कपाळावर चढवून फडका पाहिला.

"काजळी दिसते."

"ह्यांच्या नाकातली आहे."

"अहो काकू, मला का कळत नाही? पण मी करू काय? पाटी लावतो. ऐकलं नाही तर दंडुका घेऊन उभा राहू का तिथे? त्यापेक्षा तुम्हीच कुठे तळमजल्याची खोली बघा ना."

पाटी लागली. इथे गाड्या चार्ज करू नयेत. एक दिवस गेला नाही तोच पाटीच्या खिळ्याला कोणाचं तरी हेल्मेट लटकायला लागलं, आणि जळक्या गाडीच्या जागेवर दुसरी गाडी आली. मग काकू अग्निशमनच्या कचेरीत गेल्या. तिथला माणूस भला होता. बाहेर पडायचा रस्ता एकच आणि त्यातच बॅटऱ्या चार्ज करायच्या, हे स्वतःच्या उंबऱ्यावर चूल मांडण्यासारखं आहे, असं तो म्हणाला. त्याने अर्ज घेतला, पाहणीला येऊ म्हणाला. कधी येणार, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

शेवटी काकू इमारतीतच दारोदार फिरल्या. दुसऱ्या मजल्यावर एक कुरिअरवाला राहायचा, लहान पोरीचा बाप, स्वभावाने सरळ. त्याने काकूंना आत बसवलं.

"तुमचं पटतंय काकू. पण रस्त्यावर लावली तर सकाळी चाकंसुद्धा जागेवर नसतात. आणि गाडी नाही तर चूल नाही."

"मग बॅटरी काढून आपापल्या घरात लावा."

"घरात? एकच खोली आहे काकू. पोरीच्या उशाशी लावू?"

पोर दाराआडून काकूंकडे बघून हसत होती. त्या वर आल्या आणि न्हाणीत नळ सोडून मनसोक्त रडल्या. राग काढायचा तरी कोणावर? जो तो आपल्या जागी बरोबर होता, आणि उस्ताद तिसऱ्या मजल्यावर होते.

आपण कामावर असताना काय, हा प्रश्न तर उरतच होता. नोकरी सोडली तर खायचं काय? पण दिवसा बहुतेक गाड्या रस्त्यावर असतात. संध्याकाळनंतर त्या सगळ्या एकदम येऊन लागतात आणि तेव्हा काकू घरात असतात. निदान तेवढ्या वेळेपुरतं तरी आपल्या हातात काही असावं. तहान लागल्यावर विहीर खणण्यात काय अर्थ? लाँड्रीत रद्दीत काढलेल्या चादरींतली सगळ्यात जाड, दुहेरी शिवणीची चादर त्यांनी मागून आणली, आणि रविवारी जेवणं झाल्यावर उस्तादांना म्हणाल्या, चला, उतरून बघू.

"वरचा माणूस नुसता धरतो," उस्ताद आता चादरीतून शिकवत होते. "तोलतो तो खालचा. खाली माणूस नसेल तर कपाट उतरवायचंच नाही. मी मुकादमाला तोंडावर सांगायचो, माणूस दे, नाहीतर राहू दे कपाट वरच."

"खालचा माणूस कुठून आणू?"

"तेच म्हणतोय मी."

काकूंनी आपली युक्ती काढली. वरून दोन पायऱ्या सोडायचं, चादरीची टोकं कठड्याला बांधायची, उस्तादांना ओलांडून खाली जायचं, त्यांचे पाय सरळ करायचे, पुन्हा वर यायचं. उस्ताद डाव्या हाताने कठडा धरून जमेल तेवढा भार घेत होते. असं करत करत त्यांनी जिन्याचं वळण गाठलं. वळणावर दोघं टेकली. काकूंच्या कपाळावरून घाम निथळत होता.

"आपल्या लग्नातसुद्धा मला एवढं कोणी मिरवलं नव्हतं," उस्ताद म्हणाले, आणि काकूंना कितीतरी दिवसांनी हसू आलं. त्यांना वाटलं, जमेल. हळूहळू का होईना, जमेल.

वळणाखालच्या पायऱ्यांवर त्या पाय सरळ करायला वाकल्या होत्या, तेवढ्यात कठड्याची गाठ सुटली. उस्ताद सबंधच्या सबंध खाली आले.

"बाजूला हो. सोड मला, बाजूला हो."

काकू बाजूला झाल्या नाहीत. कठड्याच्या गजात एक हात अडकवून त्यांनी खांदा पुढे केला आणि सगळं वजन अंगावर घेतलं. गुडघ्यात काहीतरी कटकन वाजलं. वजन थांबलं खरं, पण आता त्यांना ना वर सरकता येईना, ना खाली. हात सुटला तर दोघंही गडगडत जाणार, हे दोघांनाही कळत होतं.

"सुटलेलं कपाट धरायचं नसतं," उस्ताद त्यांच्या कानाशी म्हणाले. आवाजातली सगळी थट्टा गेली होती. "कपाट जातं ते जातं. माणसाने बाजूला व्हायचं. नवीन गड्याला मी पहिल्या दिवशी हेच शिकवायचो."

"मी तुमच्या टोळीत नाही."

दुसऱ्या मजल्यावरचं दार उघडलं. आवाज ऐकून कुरिअरवाला बाहेर आला, एका नजरेत काय ते समजला आणि दोन उड्यांत वर येऊन त्याने काकूंच्या खाली आपला खांदा लावला. मग शेजारच्या माणसाला हाक मारली. दोघांनी मिळून उस्तादांना चादरीसकट उचललं आणि काकूंना ज्याला अर्धा तास लागला होता तो जिना एका दमात चढून त्यांना परत खाटेवर नेऊन ठेवलं. शेजारी गेला. कुरिअरवाला घाम पुसत उभा राहिला.

"मला हाक मारायची की काकू. काही झालं तर आम्ही आहोत ना."

"मंगळवारी नव्हतात," काकू म्हणाल्या. आवाज त्यांनी चढवला नाही.

कुरिअरवाल्याने मान खाली घातली. "पोरीला उचललं आणि पळालो. खाली गेल्यावर काका आठवले. मागे वळून बघितलं तर जिनाच दिसत नव्हता. पाय उचलेना काकू. आणि खोटं कशाला बोलू? उद्या पुन्हा पेटलं तर मी आधी पोरीलाच उचलणार."

"तिलाच उचल," उस्ताद खाटेवरून म्हणाले. "लहान सामान आधी काढायचं. नियमच आहे तो."

कुरिअरवाला खाली गेला. संध्याकाळी काकूंनी खिडकीतून पाहिलं, तर त्याने आपली गाडी बाहेर काढून दिव्याच्या खांबाला साखळीने बांधली होती. किती दिवस टिकेल कोण जाणे. बाकीच्या गाड्या रोजच्यासारख्या एकेक करून आल्या आणि जिन्याखाली गेल्या. शेवटच्या गाडीला जागा मिळेना म्हणून तिची वायर दुसऱ्या पायरीवरून ओढून घेतली होती, असं प्यायचं पाणी भरायला खाली गेल्यावर काकूंना दिसलं. त्या वायर ओलांडून वर आल्या.

गुडघा सुजला होता. त्याला फडकं बांधून त्यांनी चादर झटकली. एवढ्या मोठ्या चादरीची घडी एकटीने होत नाही, लाँड्रीत समोर दुसरी बाई असते. उस्तादांनी एक टोक डाव्या हातात धरलं, एक दातांत. काकू आपली दोन टोकं घेऊन खाटेपाशी चालत आल्या आणि त्यांची टोकं काढून घेतली.

"आता सांग," तोंड मोकळं होताच उस्ताद म्हणाले. "सुटलं तर काय करायचं?"

"पडा आता गुपचूप."

"आधी सांग. मी गंमत करत नाहीये. माझ्यापायी तू गेलीस तर ते मला मेल्यावरसुद्धा सोसायचं नाही. सांग, सुटलं तर?"

काकूंनी चादरीची आणखी एक घडी घातली. कडा जुळवल्या, हाताने सपाट केल्या.

"बाजूला व्हायचं."

"आणि?"

"आणि पळायचं. मागे बघायचं नाही."

उस्तादांनी डोळे मिटले. त्यांना बरं वाटलेलं दिसलं. काकूंनी चादर त्यांच्या उशाशी ठेवली. मग त्यांनी आपली सतरंजी उचलली. दोन वर्षं ती दाराशी अंथरलेली असायची, पहाटे कामावर जाताना ह्यांची झोपमोड नको म्हणून. आज त्यांनी ती खाटेच्या पलीकडे नेली, खाट आणि भिंत ह्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत. तिथून दाराकडे जायचं तर खाट ओलांडूनच जावं लागतं.

सतरंजी सरकवल्याच्या आवाजाने उस्तादांनी डोळे उघडले.

"तिकडे का?"

"दाराशी वारा लागतो," काकू म्हणाल्या.

दाराखालची फट मंगळवारपासून चिंध्यांनी गच्च बुजवलेली होती आणि त्या चिंध्या काकूंनीच कोंबल्या होत्या. उस्ताद दाराकडे बघत राहिले. भिंतीकडचा हात त्यांचा चालता हात होता. तो त्यांनी खाटेवरून खाली सोडला आणि बायको हाताला लागेपर्यंत चाचपडत राहिले.