कॉस्मसच्या यकृतातली दमलेली पहारेकरीण

मित्रांनो, मी एक जुनी, दमलेली पांढरी पेशी आहे. मुक्काम मढ गाव, कॉस्मसच्या उजव्या बरगड्यांखाली, त्याच्या यकृतात. कॉस्मस अडतीस वर्षांचा. शूटिंगला भाड्याने देतात ना, तसल्या एका बंगल्याचा तो केअरटेकर. बंगल्याच्या अकरा कुलपांच्या चाव्या कमरेला लावून फिरतो. स्वतःच्या पोटात मात्र जन्मापासून चोर राहतोय, त्याचा पत्ता नाही.

माझा जन्म हाडांच्या आत झाला. मग मला छातीच्या हाडामागच्या शाळेत घातलं. विषय एकच, आपलं कोण आणि परकं कोण. नापास झालं की पुन्हा परीक्षा नाही, तिथेच संपवतात. शंभरातल्या दोन-चार जणी वाचलो. मी ऐटीत यकृतात ड्युटीवर आले, तर समोर हेपटायटिस बीचा विषाणू पाय पसरून बसलेला!

जुन्या पेशी सांगायच्या, कॉस्मस जन्मला त्याच दिवशी हा आत शिरला, त्याची आई बेटी हिच्या रक्तातून. तिलाही ठाऊक नव्हतं. काही दुखलंच नाही, तर कळणार कसं? तान्ह्या अंगाने त्याला घरचाच समजून ठेवून घेतलं. तीसेक वर्षं कुणी कुणाला हात लावला नाही.

मग आम्हाला जाग आली. आता आमचा पराक्रम ऐका. विषाणू यकृताच्या पेशीत लपतो, पण भिंतीला साधा ओरखडा काढत नाही. भिंती पाडतो आम्ही. उंदीर दिसला की घरच जमीनदोस्त! त्या जागी नवं घर उठतं, पण दरवेळी धड नाही. कुठे कुठे नुसता व्रण उरतो, सुक्या बोंबलासारखा कडक. असे व्रण साचले की यकृत आक्रसतं. आणि ते बिचारं ओरडतही नाही.

गेल्या वर्षी आम्ही इतकी घरं पाडली की कॉस्मसचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले. बेटीने डॉक्टर सोडून पलीकडच्या गावातल्या बाईकडून काविळीची माळ आणली. दोऱ्यात गाठी मारून बांधलेल्या ओल्या काड्या. गळ्यातली माळ जसजशी लांबते, तसतशी कावीळ उतरते म्हणे.

"बघ रे पोरा, बेंबीपर्यंत आली!" बेटी रोज खूश.

माळ गुडघ्याला टेकली तेव्हा डोळे पांढरे झाले होते. बाईला कोंबडी पोचली. आमचं नावही कुणी काढलं नाही.

खरं सांगू? डोळे पांढरे झाले, कारण आम्ही दमलो. वर्षानुवर्षं तोच शत्रू समोर असला की आमच्या अंगावर जणू ब्रेक उगवतात. दिसतो, ओळखतो, पण हात उठत नाही. विषाणू मात्र दमत नाही.

पुढे चर्चच्या आवारात रक्तदान शिबिर झालं आणि काही दिवसांनी कॉस्मसला पत्र आलं. तुमच्या रक्तात हेपटायटिस बी आहे, डॉक्टरांना भेटा, आई आणि भावंडांचीही तपासणी करा. कॉस्मसने आरशात डोळे पाहिले. पांढरे! त्याने पत्र संत अंतोनीच्या फोटोमागे सरकवलं. हरवलेलं शोधून देणारा संत, त्याच्याच पाठीमागे!

त्यातच धाकटी बहीण नॅटली नवव्या महिन्यात माहेरी आली. नर्सिंग होममधून निरोप आला, एका तपासणीचं रक्त खराब झालंय, पुन्हा द्या.

"पुन्हा?" बेटी भडकली. "सगळं रक्त हेच काढून घेतील, मग पोटातल्याला काय पेज पाजायची?"

रक्त द्यायचं राहिलंच. कॉस्मस खाली मान घालून जेवत राहिला. त्या पत्राने नॅटलीचं बाळ वाचणार होतं. आणि पत्र फोटोमागे होतं. मी ओरडले असते, पण पेशीला तोंड कुठे?

तेवढ्यात बंगल्यावर शूटिंग आलं. हिरोने केअरटेकरच्या खोलीत भिंतीवर टांगलेली कॉस्मसची जुनी माळ पाहिली. "काय रॉ लूक आहे यार! मला पाहिजे!" बेटीने हौसेने ताजी आणून दिली. सीन एकच, आईचा निरोप घेऊन दारातून बाहेर पडायचं. पण तो सहा दिवस चालला. आधीचं-नंतरचं जुळतंय का ते बघणारी दिशा रडकुंडीला आली.

"सर, वाट लागली! आत असताना माळ छातीवर, उंबऱ्यात कमरेला, बाहेर पडल्यावर गुडघ्याला!"

"माझी एनर्जी आहे ती," हिरो म्हणाला.

कॉस्मस पोट धरून हसत होता. दिशा त्याच्याकडे वळली. "हसताय काय, अंकल? सरांना कावीळ आहे का?"

"छे गं, घोड्यासारखा ठणठणीत आहे तो!"

"मग लांबली कशी?" तिने एक काडी बोटांत मोडली. "हे बघा. सुकल्यावर काड्या बारीक झाल्या, गाठी सैल पडल्या. बस."

कॉस्मसला फोटोमागचं पत्र आठवलं. तो चपला न घालताच पळाला.

घरी नॅटलीला कळा सुरू झाल्या होत्या. दारात रिक्षा उभी. कॉस्मसने फोटो ओढला, काच फुटली, पत्र हातात आलं.

"नॅटली, हे आधी दाखवायला हवं होतं."

तिने रिक्षात बसून वाचलं. "कधीचं आहे हे?"

"चार महिने."

"चार महिने, दादा?" त्या रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा मला आठवतो.

नर्सिंग होमच्या नंदा सिस्टरने लगेच नॅटलीचं रक्त तपासलं. चोर तिथेही होता. बाळ जन्मलं आणि तासाभरात दोन इंजेक्शनं मिळाली, एका मांडीत लस, दुसऱ्या मांडीत विषाणूला धरून ठेवणारी तयार प्रतिपिंडं.

"बहुतेक बाळं वाचतात," सिस्टर म्हणाली. "नक्की कळायला वर्ष लागेल. तोवर सगळे डोस वेळेवर द्या. आणि घरातल्या प्रत्येकाची तपासणी."

बेटीच्या रक्तातही तो निघाला. कॉस्मस आता रोज एक गोळी घेतो. विषाणूची संख्या घटली, मलाही जरा दम खाता येतो. पण यकृताच्या पेशींच्या गाभ्यात त्याचं बीज अजून आहे. ते वाट बघतंय. मीही.

मित्रांनो, बारशाला बेटीने बाळासाठी छोटी माळ आणलीच. नॅटलीने ती दारामागच्या खिळ्याला अडकवली. तिथेही ती रोज बोटभर लांबतेय. खिळ्याला कावीळ नाही, मित्रांनो. तुम्ही मात्र रक्त तपासून घ्या.