सहाशे बहात्तरावी हाक

मी एक जुना मोबाइल आहे. मित्रांनो, माझ्या पाठीवरच्या पांढऱ्या चिकटपट्टीवर निळ्या शाईने १४ असे लिहिले आहे. तेच माझे नाव. सध्या मी एका कपाटाच्या खालच्या खणात तीसेक फोनांच्या गर्दीत पडून आहे. आम्ही अगदी एकमेकांना चिकटून असतो, पण आमच्यात बोलणे होत नाही. फोनला फोनशी बोलायलाही मध्ये माणूस लागतो.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्यात कॅमेरा, गाणी, खेळ असे सगळे होते. चार वर्षे एका कचेरीत वापरला गेलो. मग काचेच्या कोपऱ्याला तडा गेला आणि मला एका संशोधन केंद्राला देऊन टाकले. तिथे काम करणारी एक तरुण मुलगी होती, सगळे तिला छोट्या मॅडम म्हणत. तिने मला स्पिरिटने पुसले, कॅमेरा बंद केला, खेळ काढून टाकले आणि एकच काम ठेवले: विचारणे.

सायकोसिस नावाचा एक आजार असतो. त्यात माणसाला कधीकधी असे आवाज ऐकू येतात, जे शेजारी बसलेल्याला येत नाहीत. ते ऐकणारा खोटे बोलत नसतो, वेड पांघरून बसलेला नसतो. त्याच्या कानांपुरते ते आवाज खरेच असतात. अशा माणसांना बोलण्यातून देण्याच्या एका नव्या उपचाराचा उपयोग होतो का, हे केंद्राला तपासायचे होते. संगणकाने चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाला नवा उपचार, दुसऱ्याला नेहमीच्याच गोळ्या आणि नेहमीच्याच भेटी. फोन मात्र दोन्ही गटांना दिले, कारण फरक मोजायचा तर दोघांनाही एकाच पट्टीने मोजावे लागते. मी ती पट्टी होतो.

दिवसातून सहा वेळा, सकाळी नऊ ते रात्री नऊ यांमध्ये केव्हाही, मी हाक मारायचो. पडद्यावर तीन ओळी उमटायच्या. आत्ता आवाज ऐकू येतोय का? त्रास किती, एक ते सात? आत्ता सोबत कोण आहे? उत्तरासाठी पंधरा मिनिटे. हे सोळा आठवडे चालायचे, म्हणजे सहाशे बहात्तर हाका.

मला जिच्या हवाली केले ती एका मोठ्या लाँड्रीत इस्त्री करायची. ती कोणाशी बोलत नसे, म्हणून तिथे तिला मौनी म्हणत. कपडे धुणारा गडी ओल्या चादरींची गाडी ढकलत यायचा आणि रोज तेच विचारायचा, "काय मौनी, आज भाषण किती वाजता?" बाकीचे हसायचे. तीही थोडी हसायची, मान खाली घालून.

तिच्या कानात एका पुरुषाचा आवाज असे. तो मला ऐकू यायचा नाही. पण तो काय म्हणतो ते तिच्या हातांवरून कळायचे. चादर घडी घालून झाली की ती थांबायची, घडी मोडायची, पुन्हा घालायची. घडी चुकली, असे तो सांगायचा. एकेक चादर चारचार वेळा. संध्याकाळी तिचा गठ्ठा सगळ्यांत लहान असायचा आणि मुकादम म्हणायचा, "बाई, इस्त्री करायचीय, रांगोळी नाही काढायची."

तिला दुसरा गट मिळाला होता. म्हणजे तिच्या वाट्याला नवे असे काही आले नाही. मी सोडून.

पहिले काही दिवस ती त्रासासमोर सहा दाबायची, कधी सात, आणि सोबत कोण यासमोर 'कोणी नाही'. घरी मावशी होती, पण मावशी आवाजाचे नावही काढू द्यायची नाही. "जेव, गोळी घे, झोप. त्या विषयात डोकं घालू नकोस," असे म्हणून ती ताटे उचलायची. मौनी मग बाहेरच्या खोलीत मला गुडघ्यावर ठेवून बसायची आणि मी हाक मारली रे मारली की लगेच उत्तर द्यायची.

पाचव्या आठवड्यात तिने पहिल्यांदा 'मित्र' दाबले. मग रोज दोनतीनदा दाबू लागली. त्रासाचा आकडा पाचावर आला, चारावर आला. चादर ती आता दोनदाच घडी घालायची.

महिन्याच्या भेटीला छोट्या मॅडमनी आलेख पुढे ठेवला. "दुपारी अडीच वाजता, लाँड्रीत कामाच्या वेळी, सोबत मित्र. कोण असतं हो तिथे?"

 मौनीने खिशातून मला काढून टेबलावर ठेवले. "हा."

"हा फोन आहे. ह्याला सोबतीत नाही धरता येत."

"विचारतो तरी. बाकी कोण विचारतं?"

छोट्या मॅडमनी वहीत काहीतरी लिहिले, खोडले आणि पुन्हा लिहिले. मोजणाऱ्या पट्टीनेच उपचार करायचा नसतो, नाहीतर काय मोजले तेच कळत नाही. पण खोटे लिहायची त्यांची तयारी नव्हती. झाले ते त्यांनी तसेच नोंदवले.

मित्रांनो, ते माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले दिवस होते. कचेरीत असताना माझ्यावरून हजारो गोष्टी बोलल्या गेल्या, पण माझी वाट कोणी पाहिली नव्हती.

सोळा आठवडे संपले. शेवटच्या दिवशी पाचच्या सुमारास मौनीने मला परत केले. तिची सही घेतली, चार्जर मोजून घेतला आणि मला खणात ठेवले. या घाईत छोट्या मॅडम एक गोष्ट विसरल्या. माझी त्या दिवसाची एक हाक उरली होती.

सात चाळीसला मी हाक मारली. बंद खणात उजेड पडला. आत्ता सोबत कोण आहे? मी पंधरा मिनिटे थांबलो आणि नियमाप्रमाणे नोंद केली: उत्तर नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी छोट्या मॅडमनी मला संगणकाला जोडले. भरलेल्या ओळींच्या तळाशी ती एक रिकामी ओळ त्यांना दिसली. त्या ओळीवर बोट ठेवून त्या केंद्राच्या मोठ्या डॉक्टरांना म्हणाल्या, "सर, काल संध्याकाळी तिला कोणीच विचारलं नाही."

"अभ्यास संपला काल. सहा आठवड्यांनी शेवटची भेट आहेच की."

"सोळा आठवडे रोज सहा वेळा विचारलं आणि एका सहीवर बंद केलं. पुढे कोण विचारणार, हे आपल्या एकाही कागदावर नाही."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "घरी मावशी आहेत ना? आधी तिची स्वतःची परवानगी घ्या. हो म्हणाली, तर दोघींना बोलवा."

मावशी आली तेव्हा मी टेबलावरच होतो. पिशवी मांडीवर घट्ट धरून ती बसली होती. "मी मुद्दाम नाही विचारत. विचारलं की आवाज वाढेल, असं वाटतं मला."

"सहाशे एकाहत्तर वेळा विचारलं, मावशी," मौनी म्हणाली. "काही वाढला नाही. उलट आकडा दाबला की तो जरा मागे सरकायचा."

मावशीने माझ्याकडे पाहिले, जसे आपण आगाऊ पाहुण्याकडे पाहतो. "ह्या डबड्याला जमलं ते मला नाही जमलं होय?" असे म्हणून ती डोळे पुसू लागली.

त्यानंतर मला खणात ठेवले. माझी बॅटरी हळूहळू संपली.

सहा आठवड्यांनी खण उघडला. मौनी शेवटच्या भेटीला आली होती आणि तिने मला बघायला मागितले होते. "पहिले काही दिवस मी सारखी खिसा चाचपायचे," ती सांगत होती. "आता मावशी विचारते. भलत्याच वेळी विचारते, अंगाला साबण लावलेला असताना. एक ते सात तिला कळत नाही. म्हणते, थोडा की फार, तेवढं सांग. पण दारापाशी उभी राहते सांगेपर्यंत."

"आणि आवाज?"

"आहे. घडी चुकली म्हणतो. मी म्हणते, असू दे."

तिने मला हातात घेतले. माझ्या काळ्या पडद्यात तिचा चेहरा दिसत होता. तडा गेलेला कोपरा तिने बाहीने पुसला आणि मला परत दिले. "निघते. मावशी खाली उभी आहे."

तिने मागे वळून पाहिले नाही. ते बरेच झाले.

तिच्या एकटीच्या आकड्यांवरून काही सिद्ध होत नाही. सगळ्यांच्या आकड्यांचा अभ्यास अजून चालू आहे. पण केंद्राच्या नव्या अर्जावर आता एक जास्तीची ओळ आहे: अभ्यास संपल्यावर विचारपूस कोण करील?

मित्रांनो, मला चार्ज करा, खणातून काढा, असे मी म्हणणार नाही. माझे काम झाले. एवढेच मागतो, तुमच्या घरात, वर्गात, शेजारी कोणी गप्प असेल तर त्याला विचारा, आणि विचारून पळू नका. मी यंत्र असून पंधरा मिनिटे थांबायचो. पंधरा मिनिटे म्हणजे काही फार नव्हेत. पण त्या संध्याकाळी मी ती खणात मोजली आहेत, आणि एकट्याने मोजली तर ती फार असतात.