दोनशे नावांखालून फिरलेली पट्टी

मी एक जुनी, मेपलच्या लाकडाची पट्टी आहे. लांबी अठरा इंच, एका काठाला पितळेची धार. अमेरिकेत मिनेसोटातल्या एका विद्यापीठात विद्यार्थ्यांनी माझ्या आधाराने पुलांचे आराखडे काढले. पुढे आराखडे संगणकावर गेले आणि मी खणात गेले.

मित्रांनो, मला बाहेर काढले बर्नाडेटबाईंनी. त्या अभियांत्रिकीच्या डीनच्या सचिव. दर वर्षी पानगळीच्या दिवसांत एका मासिकाचा छापील तक्ता येई. दोनशे महाविद्यालयांची नावे, प्रत्येकापुढे एक ते पाच गुण आणि शेवटी ‘माहीत नाही’ असा रकाना. सगळ्या डीननी एकमेकांच्या पदव्युत्तर शिक्षणाला गुण द्यायचे. त्यावरून बरीचशी क्रमवारी ठरे आणि ती पाहून मुले अर्ज करत. नावे इतकी दाटीने छापलेली की नजर ओळ चुके. म्हणून मी.

डीन लिंडक्विस्ट मला ओळीखाली धरून एकेक नाव मोठ्याने वाचत. तक्त्याच्या आधी महिनाभर, चांगले गुण मिळावेत म्हणून, इतर महाविद्यालयांची गुळगुळीत माहितीपत्रके येत. ती ते टोपलीत टाकत.

“यांनी तर टोपी पाठवलीय,” बाई म्हणत.

“टोपी छान आहे. कॉलेज माहीत नाही.”

एका वर्षी आमचे विद्यापीठ सहा जागा खाली आले आणि नदीपलीकडचे वर चढले. त्या वर्षी पलीकडच्यांच्या ओळीखाली मला धरताना डीनचा हात जड लागला. त्यांनी शाईने ‘दोन’भोवती गोल केला.

“दोन?” बाई वाकून म्हणाल्या. “गेल्या साली चार दिलेत. वर्षभरात काय कोसळलं त्यांचं?”

“आपला नंबर कोसळला, बर्नाडेट!”

“मग स्वतःला द्या की दोन. त्यांची काँक्रीटची प्रयोगशाळा बघून आलात, तेव्हा आठवडाभर तिचं कौतुक करून माझं डोकं खाल्लंत.”

“तुम्ही नक्की कुणाच्या बाजूच्या?”

“पगार इथलाच घेते. पण हे पाकीट मी चिकटवणार नाही. टपालगाडी चारला जाते, तुम्हीच चिकटवा.”

डीननी घड्याळाकडे पाहिले. मग मला पुन्हा त्याच ओळीवर ठेवून त्यांनी ‘दोन’वर सरळ रेघ मारली, ‘चार’ला गोल केला आणि शेजारी सही केली. पाकीट बाईंनी चिकटवले.

वसंतात नवी यादी आली. पलीकडचे आणखी दोन जागा वर, आम्ही एक खाली. डीननी पलीकडच्या डीनना फोन लावला. “अभिनंदन, मर्ल! फार फुगू नकोस, लेका.” फोन ठेवून ते हसले, मग जरा वेळ खिडकीबाहेर बघत राहिले.

आता तक्ता पडद्यावर भरतात. दोघेही निवृत्त झाले. मी खिडकीच्या कट्ट्यावर आहे, खाली तापणारा हीटर, वर कुणाचा तरी ओला कप. मित्रांनो, मोजायच्या वस्तू कोरड्या, सपाट जागी ठेवा. लाकूड हळूहळू वाकते. वाकलेली पट्टी प्रत्येक रेघ वाकडी काढते, आणि तिला स्वतःला ते कधीच कळत नाही. ते सांगायला शेजारी कुणीतरी लागते.