तुझी पंधरा पावलं

निघण्यापूर्वी मालिनीने अंगावरचा सगळा धातू उतरवला. बांगड्या, कुड्या, घड्याळ, कुर्त्याला सवयीने टोचलेली सेफ्टी पिनसुद्धा. मंगळसूत्र फेब्रुवारीतच उतरलं होतं. दिगंबरने चार वर्षं एकच धोशा लावला होता, की मेटल डिटेक्टर हातात घ्यायचा तर अंगावर धातू नको, नाहीतर तो तुलाच शोधत बसेल. तेव्हा ती ऐकल्यासारखं करायची आणि भाजी निवडत राहायची. आता सांगणारा नव्हता, तर तिला शब्द न् शब्द आठवत होता. माणसाची अक्कल ही अशी उशिरा कामाला येते.

अमेरिकेतल्या त्यांच्या फ्रिस्कोपासून अडीच तासांवर कॅल्डर नावाचं गाव होतं. होतं म्हणजे खरंच होतं, आता नाही. कोळशाची खाण बंद पडली तशी माणसं गेली आणि जाताना लाकडी घरंही उचकटून घेऊन गेली. उरली चार-दोन विटांची धुराडी, शाळेची दगडी पायरी आणि गळ्यापर्यंत वाढलेली काटेरी झुडपं. जमीन एका म्हाताऱ्या रँचवाल्याची. त्याने दिगंबरला लेखी परवानगी दिली होती, आणि रिटायर झाल्यापासून दिगंबर दर शनिवारी इथे येऊन गंजके खिळे, बटणं, डब्यांची झाकणं घेऊन घरी परतायचा.

“घरात भंगार कमी आहे का?” ती विचारायची.

“तू चल तर एकदा. तुझ्यासाठी काहीतरी पुरून ठेवलंय. शाळेच्या पायरीपासून मोठ्या ओककडे पंधरा पावलं. तुझी पावलं हं, माझी नाही.”

“बघू पुढच्या शनिवारी.”

तो पुढचा शनिवार चार वर्षं पुढेच राहिला, आणि फेब्रुवारीत दिगंबर नाश्त्याच्या टेबलावर हातात चहाचा कप असताना गेला.

आज नोव्हेंबरचा शनिवार होता. फ्रिस्कोचं घर विकलं होतं, मंगळवारी मूव्हर्स येणार होते, बुधवारी ती जर्सी सिटीला लेकीकडे कायमची जाणार होती. म्हणजे आज सापडलं तर सापडलं. अर्ध्या वाटेत वल्लरीचा फोन आला.

“आई, तू एकटी ड्राइव्ह करत निघालीस? सीरियसली? अगं किचन अजून पॅक व्हायचंय!”

“होईल गं. संध्याकाळपर्यंत येते.”

“पण बाबांनी काय पुरलंय ते तरी माहितीये का?”

“नाही,” मालिनी म्हणाली. खरंच माहीत नव्हतं.

पायरीपाशी उभं राहून तिने ओककडे पावलं मोजली. पंधरावं पाऊल निवडुंगाशेजारी पडलं. तिने डिटेक्टर सुरू केला, थाळी जमिनीलगत डावी-उजवी फिरवली, आणि दुसऱ्याच फेरीत तो खणखणीत वाजला. पडद्यावर आकडा आला शहाऐंशी. दिगंबरच्या वहीत लिहिलं होतं, ऐंशीच्या वर गेलं की चांदी. दुखऱ्या गुडघ्यांवर बसून तिने वीतभर खणलं. मातीच माती.

खड्डा बुजवून ती हातभर पुढे सरकली. पुन्हा शहाऐंशी, पुन्हा खणलं, पुन्हा माती. असे पाच खड्डे झाले. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाजही इथे पोचत नव्हता. गेल्या नऊ महिन्यांत तिला घर रिकामं वाटलं होतं, पण एवढं एकटं वाटलं नव्हतं. “अहो, थट्टा चालवलीय का माझी?” ती मोठ्याने म्हणाली, आणि स्वतःचाच आवाज ऐकून तिला रडू फुटलं.

रडून झाल्यावर ती पायरीवर येऊन बसली. पाणी प्यायला डिटेक्टर पायाशी टेकवला, तर तो तिथेही वाजायला लागला. शहाऐंशी. तिने डावा पाय उचलला, आवाज बंद. टेकवला, सुरू. उजव्याचंही तेच.

जोडवी! बुटांत, मोज्यांत झाकलेली चांदीची जोडवी. सेफ्टी पिन आठवली, पण जोडवी आठवली नाहीत. कशी आठवतील? अडतीस वर्षांत ती दागिना राहिलीच नव्हती, पायच झाली होती.

दिगंबर गेला तेव्हा सुनेत्रावन्संनी नागपुरातून व्हिडिओ कॉलवर विचारलं होतं, “जोडवी काढलीस ना गं?” मालिनीने सांगितलं होतं, बोटं सुजलीत, निघत नाहीत. मग मोजे चढवले होते, आणि मोज्यांतलं अमेरिकेत कोण बघतंय?

आता मात्र गत्यंतर नव्हतं. जोडवी पायात असेपर्यंत यंत्र दुसरं काही ऐकू देणार नव्हतं. तिने बूट-मोजे काढले आणि जोडवं धरून ओढलं. एका झटक्यात निघालं. दुसरंही निघालं. सुजलीत वगैरे सगळं खोटं होतं, ते तिला आधीपासून माहीत होतं. बोटांवर पांढरे वळ राहिले होते. मग जोडवी रुमालात बांधून पायरीवर ठेवली आणि बूट चढवले.

या खेपेला तिने पावलं लांब टाकली. चार वर्षांपूर्वी तिचे गुडघे धड होते, आणि दिगंबरने मोजली असतील ती त्या वेळची पावलं. आता पंधरावं पाऊल निवडुंगाच्या पलीकडे पडलं. डिटेक्टर गप्प होता. मग अडखळत वाजला. कधी साठ, कधी ऐंशी. तिने खणलं.

प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली स्टीलची वाटी निघाली. मिसळणाच्या डब्यातली जिऱ्याची वाटी! गणपतीला घरी आलेल्या मैत्रिणीने, शुभाने, ती लांबवली असं धरून मालिनी चार वर्षं बिचारीशी तुटक बोलत होती. वाटीत लक्ष्मीपूजनातला चांदीचा रुपया होता, आणि दुकानाच्या पावत्या एकीला एक जोडून केलेली घडी. पावत्यांच्या पाठीवर दिगंबरचं बारीक अक्षर. शनिवारच्या तारखा, आणि प्रत्येकीपुढे मालिनीने त्या दिवशी दिलेलं कारण. भिशी. गुडघे. वल्लरीचा फोन यायचाय. ऊन फार. डोशाचं भिजवलंय. तो दर वेळी वाटी उकरून, त्यात लिहून, परत पुरत आला होता.

शेवटची तारीख जानेवारीतली होती. तिच्यापुढे काहीच लिहिलेलं नव्हतं. मालिनीला तो शनिवार आठवला. त्या सकाळी त्याने विचारलंच नव्हतं. नुसतं “येतो” म्हणाला आणि एकटा निघाला.

तिने पायरीवरच्या पर्समधून पेन आणून आजची तारीख खाली लिहिली. पुढे काय लिहावं ते तिला सुचेना.

त्याच्या शिस्तीप्रमाणे तिने खड्डा नीट बुजवला आणि वाटी घेऊन पायरीवर आली. बूट-मोजे काढले, रुमाल सोडला, आणि दोन्ही जोडवी परत बोटांत सरकवली. अनवाणीच उभी राहून डिटेक्टरची थाळी स्वतःच्या पायांवर धरली. तो वाजला, खणखणीत, त्या रिकाम्या गावभर.

“आले हो,” मालिनी म्हणाली.