संघदीपच्या गाण्याची शूटिंग

आमचा संघदीप गिटारच्या तारांवर सायकलची चेन घासून वाजवे, अन् मागं कापसाच्या जिनिंगच्या मशिनीचा आवाज टेपवर लावे. त्याले तो रॉक म्हणे. मी मोठी बहीण, पण मले त्यातलं काई समजत नव्हतं. "अरे, गाणं म्हणून राह्यला का भांडे घासून राह्यला?" असं मी त्याले चिडवलं की तो हासे अन् अजून जोरात घासे.

दोन हजार चारच्या चौदा एप्रिलच्या जयंतीले वस्तीतल्या स्टेजवर त्यानं वाजवलं. अर्धे लोक उठून गेले. पुढच्या वर्षी दारव्ह्याच्या रस्त्यावर जीप उलटली, अन् आमचा संघदीप गेला. त्याच्या साऱ्या टेपा त्याच्यासंगच होत्या, त्याही गेल्या. त्या साली कापसाचा भाव पार बसला, जिनिंगही बंद पडलं. तो आवाजही गेला.

"एकदा त्याचा आवाज आयकू दे व नलू," माय रोज म्हणे. घरात फोटो होते, आवाज कुठंच नव्हता.

मग त्याचा यवतमाळचा दोस्त मंदार आला. त्या जयंतीच्या कार्यक्रमाची सीडी काढून लोकांसमोर आणायची, असं त्यानं मनावर घेतलं होतं. शूटिंग केलती लग्नाच्या क्यासेटी काढणाऱ्या बाबारावनं. त्याच्याकडून मंदार सीडी घेऊन आला, तर माय पांढरं लुगडं नेसून टीव्हीसमोर बसली.

टीव्हीवर दोन गुलाब फुलले, मधात संघदीप. अन् वाजली सनई! तिच्यामागून नवरीच्या बिदाईचं गाणं. माझा भाऊ चेन घासून राह्यला, अन् वरून बिदाई! माझं डोकंच फिरलं. मी तशीच बाबारावच्या दुकानात गेली.

"काय करून ठेवलं हे, मेल्या?"

"नलूबाई, लग्नात जनरेटरची खरखर येते, म्हणून आम्ही आवाज पुसून गाणे भरतो. मले वाटलं, माइकच बिघडला होता. चांगलं दिसावं म्हणून केलं व."

"अन् पहिली क्यासेट?"

"तिच्यावर एका लग्नाची शूटिंग घेतली."

त्याचा कॅमेरा फोडावा असं वाटलं. पण तोच रडाले लागला, मग काय करता?

घरी येऊन मायले सांगितलं. ती पुन्हा टीव्हीसमोर जाऊन बसली. मग म्हणे, "ते सनई बंद कर रे मंदार."

मंदारनं आवाज बंद केला. संघदीप माइकजवळ वाकला, दूर बोट दाखवून काईतरी बोलला.

"काय म्हणतोय तो, मावशी?"

"मले म्हणून राह्यला. मागं काहून बसली माय? पुढं ये, तिथून आयकू येत नाई."

टीव्हीवरची माय तोंडाले पदर लावून पुढं येऊन बसली. मी तोंड फिरवून घेतलं. मले पाहवेना.

मंदारनं सीडी तशीच काढली, बिनआवाजाची. जयंतीच्या आदल्या दिवशी त्याच स्टेजवर पडदा लावला. यंदा कोणी उठून गेलं नाई. संघदीपचे ओठ हालले, तशी माय पहिल्या रांगेतून उठली. स्टेजवर चढली अन् पडद्याले कान लावून उभी राह्यली.

"पुढं आली रे बापा," ती रडत म्हणाली. "तरी आयकू नाई येत."