मरियाला आलेलं पत्र

शलमोन मास्तर निवृत्त झाले, त्या वर्षी, म्हणजे अठ्ठ्याण्णव साली, त्यांचा नोकरीला लागलेला मुलगा सॅम आईबापांना संगमनेरला सिनेमा दाखवायला घेऊन गेला. हसून हसून पोट दुखेल, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं.

सिनेमात एक पोरगी टीव्हीवरच्या जुन्या मालिकेत जाऊन पडते. तिथलं घर लख्ख. वडील दारात आले की आई हसत पाण्याचा तांब्या पुढे करते, पोरं भांडत नाहीत, भाजी कधी करपत नाही. पोरगी त्या आईला म्हणते, जरा बाहेर फिरून येऊ. आई जन्मात पहिल्यांदा दार उघडते, तर बाहेर काहीच नाही. रस्ता नाही, झाड नाही. मालिकावाल्यांनी दाराबाहेरचं काही उभारलंच नव्हतं. आई गुमान दार लावते आणि पुन्हा हसत पोळ्या लाटायला बसते.

थिएटर हशाने दणाणलं. मास्तरांनी शेजारी पाहिलं, तर त्यांची बायको मरिया पदराने डोळे पुसत होती.

मध्यंतरात सॅम वडे आणायला गेला.

"काय झालं?" मास्तरांनी विचारलं.

"काही न्हाई. त्या बाईला बाहेर जागाच नव्हती. मला हुती, पण मीच कमी पडले. नर्सिंग शिकून मुलाखतीत नापास झाले."



अकरा वर्षांपूर्वी मरियाने तालुक्याच्या एका दवाखान्यात मुलाखत दिली होती. गावाचं टपाल शाळेत यायचं. तिच्या नेमणुकीचं पत्र मास्तरांच्याच हातात पडलं. घरी तेव्हा नवा टीव्ही आला होता. दर गुरुवारी त्यावरच्या एका मालिकेतली हसरी आई बघून त्यांना वाटायचं, घर असं असावं. आपण दमून यावं आणि बायको दारात उभी असावी. वर्गात मुलं गणितं सोडवत होती, तेवढ्यात त्यांनी उत्तर लिहिलं: घरगुती अडचणीमुळे रुजू होता येत नाही. खाली मरियाची सही ठोकली. पुढे तीन महिने ती रोज विचारायची, टपाल आलं का? ते रोज नाही म्हणायचे.

हे सगळं त्यांनी आता मान खाली घालून सांगितलं.

"म्हंजे मी पास झाले हुते."

"पहिल्या नंबरानं."



"चांगुणा बाळंतपणात अडली, तवा मला बोलवायला आल्ते. मी गेले न्हाई. म्हटलं, नापास बाईनं कशाला हात लावावा."

शेजारच्या चांगुणाचं ते बाळ वाचलं नव्हतं. मास्तर त्याच्या मातीला गेले होते.

सॅम वडे घेऊन आला. मरियाने एक खाल्ला, सिनेमा शेवटपर्यंत पाहिला आणि बाहेर पडल्यावर त्याला म्हणाली, "मला राहात्याला तुझ्या मावशीकडं सोड."

मास्तर एकटेच एसटीने गावी परतले. त्यांनी राहात्याला तीन पत्रं पाठवली. उत्तर आलं नाही.

नाताळच्या आदल्या दिवशी मरिया आली. पिशवी घ्यायला मास्तरांनी हात पुढे केला, पण तिने ती स्वतःच ओट्यावर ठेवली.

"चांगुणाकडं जाऊन येते."

"मी येऊ?"

"नको."

ती संध्याकाळी परतली. डोळे सुजले होते. मास्तरांनी शिजवलेला भात तिने खाल्ला. चांगुणाशी काय बोलणं झालं, ते तिने कधी सांगितलं नाही. विचारायचं धाडस मास्तरांनाही झालं नाही.